आधी गाडी, मग रस्ता, नियम सगळ्यात शेवटी

मोटारगाडीचा वाढदिवस २९ जानेवारी १८८६ ला धरतात. त्या दिवशी जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज दाखल केला. म्हणजे ही तारीख कागदाची. गाडी त्या दिवशी कुठे गेली नाही. पुढची दोन-अडीच वर्षं लोक तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले, पण पैसे मोजून घ्यायला फारसं कुणी पुढे येईना.

मोटारीच्या, शर्यतींच्या आणि रस्त्यांच्या इतिहासात तारखा ढिगाने आहेत. पाठ करायला बसलं तर डोकं भणाणून जातं. पण एक धागा हातात धरला की त्या आपोआप जागेवर बसतात. वस्तू तयार झाली ती तारीख वेगळी, तिला लागणारा रस्ता झाला ती वेगळी, आणि तिच्यासाठी नियम झाला ती आणखी वेगळी. या तारखांमधलं अंतर कधी काही महिन्यांचं असतं, कधी पन्नास वर्षांचं. माणसं बहुतेक करून या मधल्या अंतरात मरतात. मराठवाड्यात तर या तीन गोष्टी जगाच्या क्रमाने आल्याच नाहीत, म्हणून आपल्याला हा धागा जास्त कामाचा.

माहेरची वाट

गाडी खरी रस्त्यावर आली ती ऑगस्ट १८८८ मध्ये, आणि आणली ती बेन्झच्या बायकोने. बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन पोरांना बरोबर घेऊन पहाटेच निघाली. जायचं होतं माहेरी, फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे. संभाजीनगरहून नगर गाठायचं तर साधारण एवढंच पडतं.

वाटेत जे जे झालं त्यातच पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास आहे. इंधन संपलं. पेट्रोल पंप हा प्रकारच जगात नव्हता. कपड्यांचे डाग काढायला वापरतात तो लिग्रोइन नावाचा द्रव तिने वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतला आणि टाकीत ओतला. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. ब्रेक लायनिंगची सुरुवात बरेच जण इथूनच धरतात. चढावर गाडी दम टाकायची, पोरं खाली उतरून ढकलायची. घरी परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी अजून एक गिअर पाहिजे. त्याने तो बसवला.

पंप नाही, मेकॅनिक नाही, ब्रेक धड नाही आणि रस्ता बैलगाडी-घोडागाडीचा. म्हणजे गाडी आली होती, बाकी सगळं यायचं होतं. मला विचाराल तर मोटारीचा वाढदिवस ऑगस्ट १८८८ मध्येच साजरा करायला हवा.

नियमाचं एक उलट उदाहरणही सांगतो. इंग्लंडमध्ये मोटार यायच्या आधीच, १८६५ ला, वाफेच्या अवजड इंजिनांसाठी कायदा झाला होता. वाहनाच्या पुढे लाल बावटा घेऊन माणूस चालला पाहिजे, आणि वेग शहराबाहेर ताशी चार मैल, शहरात दोन मैल. लाल बावट्याची सक्ती पुढे सैल झाली, वेगाची मर्यादा मात्र तशीच राहिली. जानेवारी १८९६ मध्ये केंटमधल्या वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाने भर गावातून ताशी आठ मैलांनी मोटार नेली. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला धरलं आणि एक शिलिंग दंड झाला. अतिवेगाचा हा जगातला पहिला दंड मानतात. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मर्यादा चौदा मैलांवर गेली, आणि त्या आनंदात लोकांनी लंडन ते ब्रायटन मोटारींची वरातच काढली. पण त्याच्या तीन महिने आधी, १७ ऑगस्टला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या बाईचा मोटारीखाली जीव गेला होता. मोटारीने पायी माणूस मरण्याची ब्रिटनमधली ती पहिली नोंद.

धूळ आणि डांबर

शर्यती सुरू झाल्या त्या उघड्या रस्त्यांवर. जून १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत, जवळपास बाराशे किलोमीटर. एमिल लेव्हासोर सगळ्यांच्या आधी पोहोचला, ४८ तास ४८ मिनिटांत. सरासरी ताशी चोवीस किलोमीटर भरते. पहिलं बक्षीस मात्र त्याला मिळालं नाही, कारण नियमात चार जणांची गाडी हवी होती आणि त्याची दोघांची होती. याच शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवा भरलेले टायर लावून गाडी उतरवली. टायर इतक्या वेळा पंक्चर झाले की ते दिलेल्या वेळेच्या बाहेर, सगळ्यात मागे आले. बघणाऱ्यांना वाटलं, हवेच्या टायरचं काही खरं नाही. काही वर्षांतच सगळ्या गाड्यांना तेच बसले. शर्यतीत शेवटून पहिला आलेला माणूस जग बदलून गेला याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मग आली २४ मे १९०३ ची पॅरिस ते माद्रिद शर्यत. गाड्या आता ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळत होत्या. रस्ते तेच कच्च्या खडीचे, दुतर्फा माणसांची गर्दी, मध्येच कुत्री आणि गुरं. पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्याला रस्ता दिसेना, तो झाडांचे शेंडे बघून वळण ओळखत होता. चालक आणि प्रेक्षक दोन्ही मेले. रेनॉ कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनॉही त्यात गेला. सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. इंजिन सुरू करायलासुद्धा परवानगी नव्हती, गाड्या घोड्यांना जुंपून स्टेशनवर नेल्या.

इथे रस्त्याची गोष्ट नीट समजून घेऊ. त्या काळचा चांगला रस्ता म्हणजे मॅकअॅडमचा रस्ता. जॉन लाउडन मॅकअॅडम १८१६ च्या सुमारास ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. रस्त्याचं वजन शेवटी खालची माती पेलते, म्हणून माती कोरडी ठेवा. रस्ता शेजारच्या जमिनीपेक्षा उंच करा, मध्ये किंचित फुगीर ठेवा म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना पळेल, आणि वर हाताने फोडलेली बारीक, कोनदार खडी पसरा. लोखंडी धावेच्या चाकांखाली ती खडी एकमेकांत घट्ट बसते, आणि तिचाच चुरा होऊन फटी बुजतात.

मोटारीच्या रबरी टायरने हे गणित मोडलं. लोखंडी धाव खडी दाबत होती. वेगाने फिरणारा रबरी टायर मात्र तो बारीक चुरा ओढून मागे उडवायचा. म्हणून धूळ, आणि धूळ उडाली की खडी मोकळी. यावर १९०२ ला मोनॅकोत गुग्लिएल्मिनेटी नावाच्या स्विस डॉक्टरने रस्त्यावर गरम डांबर ओतून बघितलं. डॉक्टर होता, धुळीने लोकांची छाती खराब होते ही त्याची काळजी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर हूली याने डांबर आधीच खडीत मिसळून अंथरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. म्हणजे मोटार आली १८८६ ला आणि तिला साजेसा रस्ता सापडला सोळा वर्षांनी.

आपली काळी माती

मराठवाड्यात गाडी फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. गुजरातेतल्या भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांचं, पैठणहून पूर्वेला तेर दहा दिवसांचं. माल बैलगाड्यांनी जातो आणि वाट धड नाही, असंही त्यात नोंदलंय. पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं सुती कापड या वाटेने भडोचला आणि तिथून समुद्रापार जात होतं. धड रस्ता नसल्याची तक्रार आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे म्हणायचं. १३२७ ला मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा तो चाळीस दिवसांचा रस्ता सावलीच्या झाडांनी सजवला होता, असं इब्न बतूता सांगतो. त्या मुक्कामाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आपले रस्ते का खचतात ते बघू. कंत्राटदार आणि टक्केवारी हे उत्तर जवळ असतं, आणि त्यात तथ्य असेलही. पण खाली मातीही बसलेली आहे. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीचे चिकणमातीचे अतिशय पातळ थर असतात. पाऊस पडला की पाणी या थरांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की ती आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ही माती उत्तम, रस्त्याला मात्र ती वैरीण.

रस्त्यावर हे कसं दिसतं? डांबराच्या मधोमध पाणी झिरपत नाही, तिथल्या मातीतली ओल फारशी बदलत नाही. कडेला साईडपट्टीतून, शेजारच्या चारीतून, उसाच्या पाटातून पाणी आत जातं. म्हणजे एकाच रस्त्याखाली मध्ये माती स्थिर आणि कडेला फुगलेली. म्हणून आपल्याकडची भेग बहुतेक वेळा रस्त्याला आडवी नसते, ती कडेला समांतर लांबच लांब पळते. पुढच्या पावसात त्या भेगेतून पाणी आत, मग कड सुटते, मग दुचाकीवाला साईडपट्टीवर उतरताना घसरतो. उपाय मॅकअॅडमचाच आहे. रस्ता उंच करा, वर न फुगणाऱ्या मुरुमाचा चांगला जाड थर टाका, जमलं तर मातीत चुना मिसळा, आणि कडेची चारी वाहती ठेवा. यातली चारी सगळ्यात स्वस्त, आणि दुर्लक्ष सगळ्यात जास्त तिच्याकडेच.

दुसरं कारण वजनाचं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस ट्रक पळवले आणि कोणत्या वजनाने रस्ता किती खराब होतो ते मोजलं. त्यातून ढोबळ नियम निघाला तो असा, की एका आसावरचं, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होतं. हजारो कार जाऊनही रस्त्याचं काही बिघडत नाही, पण हंगामात टम्म भरलेले उसाचे ट्रक आणि वाळूचे हायवा त्याचं कंबरडं मोडतात. खड्ड्यावरून गाव भांडतं तेव्हा हा आकडा कुणी काढत नाही.

कागदावरचे रस्ते

रस्ते बांधायला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न भारतात १९२७ ला नीट हाताळला गेला. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९२८ ला अहवाल आला. रस्ते हा केवळ स्थानिक बोर्डाचा विषय नाही, देशाचा आहे, आणि पेट्रोलवर जादा कर लावून त्याचा वेगळा निधी करा, हे त्यांनी सांगितलं. १९२९ ला तो निधी सुरू झाला. आज पंपावर आपण जे मोजतो त्यातला काही भाग या कल्पनेचा वारस आहे.

१९४३ ला नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथे ठरली. रस्त्याकडेचा मैलाचा दगड पाहिला तर ती अजून ओळखता येते. वरची टोपी पिवळी असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवी असेल तर राज्याचा, आणि नारिंगी असेल तर २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला.

महामार्गांचे नंबर २०१० ला बदलले, त्याचा घोळ अजून संपलेला नाही. जुने लोक अजूनही सोलापूर-धुळे रस्त्याला २११ म्हणतात, बोर्डावर असतं ५२. नवी पद्धत कळली तर सोपी आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. म्हणून तुळजापूर, बीड, संभाजीनगर, कन्नड करत जाणारा ५२, आणि नगरकडून परभणी, नांदेडकडे जाणारा ६१. तीन आकडी नंबर दिसला तर पहिला आकडा झाका. उरलेले दोन आकडे मूळ रस्ता सांगतात. लातूर-नांदेडचा ३६१ हा ६१ ची शाखा, ७५२ म्हणजे ५२ ची, ५४८ म्हणजे ४८ ची.

बसच्या बाबतीत मात्र मराठवाडा मागे नव्हता. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, हे शाळेतलं पोरही सांगतं. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, आणि त्या संस्थानात सरकारी बससेवा जून १९३२ पासून सुरू होती, २७ गाड्या आणि १६६ माणसं घेऊन. ती चालवत होतं निजामाचं रेल्वे खातं. बस आणि रेल्वेने एकमेकांचे प्रवासी ओढण्यापेक्षा दोन्ही एकाच हाताखाली असाव्यात हा त्यामागचा विचार होता. आजच्या नियोजनकर्त्यांनाही हे सुचत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ ला मुंबई राज्यात आला, आणि आपल्याकडची बससेवा पुढे एसटीत मिसळली.

गाड्यांचं म्हणाल तर वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ ला आला, शेंद्र्यात स्कोडाचा २००१ ला. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या लोकांनी गट करून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज-बेन्झ घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातम्या झाल्या. बर्था बेन्झच्या नवऱ्याचं नाव लावणाऱ्या दीडशे गाड्या एकदम शहरात आल्या, आणि शहरातले रस्ते तेव्हा कसे होते ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आधी गाडी, मग रस्ता.

मैदानावर शिकलेलं

१९०३ च्या त्या माद्रिद प्रकरणानंतर शर्यती हळूहळू बंदिस्त मार्गावर गेल्या. १९०७ ला इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्सचा खास शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक उघडला. ३० मे १९११ ला इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत रे हॅरूनने जिंकली. बाकीच्यांच्या गाडीत मागे बघायला एक जोडीदार बसलेला असायचा. हॅरूनने त्याला काढून वजन वाचवलं आणि आरसा बसवला. १९५३ ला ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारली. आज मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला जी चकती दिसते ती याच वाटेने आली. फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत १३ मे १९५० ला सिल्व्हरस्टोनला झाली, भारतात ती २०११ ला नोएडाजवळ आली आणि तीन वर्षांत गेलीही.

पण ११ जून १९५५ विसरता येत नाही. ल मान्सला पिअर लव्हेघची मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर चढून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून जास्त माणसं गेली. स्वित्झर्लंडने ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली. मर्सिडीज त्या हंगामानंतर शर्यतीतून बाहेर पडली ती कित्येक वर्षांसाठी.

पट्टा

चार वर्षांनी, १९५९ ला, स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन या इंजिनिअरने गाडीच्या सीटचा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तयार केला. तो आधी लढाऊ विमानांच्या सीटवर काम करत होता. त्याआधीचे बहुतेक पट्टे फक्त कमरेला असत, जोराने धडक बसली की पोटाला आणि मणक्याला मार बसायचा. बोलिनने एक पट्टा कमरेवरून आणि एक छातीवरून तिरका नेला आणि दोन्ही एकाच ठिकाणी, कमरेच्या बाजूला अडकवले. धडकेचा जोर छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर वाटला जातो, आणि लावायला एक हात पुरतो. कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं.

पट्टा मागच्या सीटवर कशाला, हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारतात. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी जागेवर थांबली तरी आतला माणूस साठनेच पुढे जात राहतो. हा वेग किती? चौदा मीटरवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून पडल्यावर जमिनीवर जेवढ्या वेगाने आदळू, तेवढा. मागच्या माणसासमोर पुढची सीट असते आणि तिच्यावर दुसरा माणूस.

३ जून २०१४ ला दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघालेले केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते. मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता. ग्रामसडक योजना त्यांच्याच खात्याची. बीड जिल्ह्यात तो दिवस कसा गेला हे सांगण्याची गरज नाही. मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा देशभर त्यानंतर झाली. बोलिनचा पट्टा तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. पट्टा न लावल्याचा शंभर रुपयांचा दंड हजारावर गेला तो २०१९ ला.

दुचाकीच्या हेल्मेटचीही गत हीच. अरबस्तानातल्या लढायांनी गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांचे अपघात तपासले आणि १९४१ ला हेल्मेटचा फायदा लेखात मांडला. ब्रिटनमध्ये सगळ्यांना सक्ती व्हायला १९७३ उजाडलं. आपल्याकडे सक्ती आहे आणि हेल्मेटही आहे, फक्त ते डिकीला अडकवलेलं असतं.

समृद्धी आणि टायर

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. मराठवाड्यात तो जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. वेगाची मर्यादा कारला ताशी १२० किलोमीटर, जड वाहनाला ८०. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला प्रवेश नाही.

इथे क्रम उलटला. पहिल्यांदाच रस्ता गाडीच्या आणि चालकाच्या पुढे निघून गेला. तालुक्याच्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या वर न गेलेली गाडी तासन् तास एकशेवीसने पळू लागली, आणि टायर फुटू लागले. सिमेंटच्या रस्त्याने टायर फुटतात असं लोक म्हणतात. सिमेंट तापतं हे खरं, पण खरा घोळ टायरच्या आत असतो. हवा कमी असेल तर टायर जमिनीला टेकताना जास्त दबतो आणि सुटताना परत फुगतो. एकशेवीसच्या वेगाला हे सेकंदाला पंधरा-सतरा वेळा होतं. प्रत्येक वेळी रबर थोडं तापतं. ती उष्णता बाहेर जायच्या आत पुढचा फेरा येतो. शेवटी आतले थर सुटतात आणि टायर फाटतो. म्हणून उन्हाळ्यात फुगू नये म्हणून हवा कमी ठेवायची हा सल्ला साफ उलटा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा आकडा चिकटवलेला असतो, तेवढीच हवा, टायर थंड असताना.

टायरच्या बाजूला उठावात दोन गोष्टी कोरलेल्या असतात त्याही बघा. लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवी दिसली तरी रबर वयाने कडक होतं. दुसरं, मापाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते वेगाची मर्यादा सांगतं. एल म्हणजे १२०, एस १८०, टी १९०, एच २१०. एल असलेला टायर समृद्धीवर कायम आपल्या शेवटच्या मर्यादेवर पळतो.

थांबायच्या अंतराचं गणितही डोक्यात असावं. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, मग ब्रेकने वीस मीटर. कोरड्या रस्त्यावर एकूण सदतीसच्या आसपास. वेग दुप्पट केला की पहिला भाग दुप्पट होतो, पण ब्रेकचा भाग चौपट. एकशेवीसला ते अंतर एकशेदहा मीटरच्या पुढे जातं. सरळ, रिकाम्या रस्त्यावर दोन-तीन तासांनी डोळे उघडे असून मेंदू झोपतो, मग तो एक सेकंद तीनचा होतो. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ याच रस्त्यावर प्रवाशांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले.

मागून आदळण्याचं प्रमाण साध्या रस्त्यांवरही कमी नाही, आणि तिथे ट्रॅक्टरला बंदी नाही. पर्सी शॉ नावाच्या इंग्लिश माणसाने १९३४ ला रस्त्यात बसवायच्या चमकणाऱ्या काचेच्या डोळ्यांचं पेटंट घेतलं. दिव्याचा उजेड आला तसा मागे फेकायचा, एवढंच त्यांचं काम. उसाच्या ट्रॉलीमागची लाल पट्टी हेच करते. मात्र ती फळीच्या वरच्या कडेला लावली तर लोंबणाऱ्या वाढ्याखाली झाकली जाते, आणि मागच्या गाडीचा खाली पाडलेला दिवा तिथवर पोहोचतही नाही. ती लावायची चाकाच्या उंचीला, मागच्या आडव्या लोखंडावर, दोन्ही टोकांना. आणि चिखल उडाला की फडक्याने पुसायची, नाहीतर लावली काय आणि न लावली काय.